बापाकडून आलेला उतारा

पोळा होऊन चार दिवस झाले होते. नांदगाव खंडेश्वरच्या शिवारात, मामांच्या वावरात मी सकाळी उभा होतो आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, एकाच झाडावर दोन रंगांची फुलं दिसत होती. दुधाळ फूल त्या सकाळी उमललेलं, गुलाबी फूल आदल्या दिवसाचं. मामांना त्यात नवल नव्हतं; त्यांचा जन्म पऱ्हाटीत गेला. पण दुधाळ आणि गुलाबी या दोन रंगांच्या मधल्या एका दिवसात, फुलाच्या तळाशी, मोहरीच्या दाण्याहूनही लहान जागेत जे घडतं ते समजायला माणसाला दोनशे वर्षं लागली आहेत. त्याचा एक मोठा धागा तर अगदी अलीकडे हाती आला.

मामा धुऱ्यावर बसले आणि त्यांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला, "दरसाल बी इकतच काहून घ्या लागते? पयले घरचीच सरकी राहे. शेणात घोळाची अन् पेराची."

या प्रश्नाचं उत्तर त्या दोन रंगांच्या मधल्या दिवसात आहे. ते सांगायचं तर फुलाच्या आत उतरावं लागेल.

आधी एक गोष्ट डोळ्यांसमोर ठेवू. बोंड फुटल्यावर आपण जो कापूस वेचतो, तो सगळा आईचा. कापसाचा प्रत्येक धागा म्हणजे एकच पेशी, बीजांडाच्या बाहेरच्या सालीतून निघालेली आणि रुंदीच्या हजारपटीहून जास्त लांब झालेली. ती साल आईच्या शरीराचाच भाग असते. बापाचा वाटा असतो तो सरकीच्या आत: ज्या गराचं तेल निघतं, ज्याची ढेप आपण ढोरांना घालतो, त्या गर्भात. निम्मी जनुकं आईची, निम्मी बापाची. पण बाप फक्त ही निम्मी वाटणी देऊन मोकळा होतो, की आणखी काही देतो? वनस्पतिशास्त्रातला हा फार सुंदर प्रश्न आहे.

कपाशीचा पराग मोठा, काटेरी आणि चिकट असतो. बारीक नजरेच्या माणसाला एकेक कण साध्या डोळ्यांनीही जेमतेम दिसतो. तो कुक्षीवर पडला की त्यातून एक बारीक नळी फुटते आणि खाली बीजांडाकडे वाढत जाते. ही नळी माणसाने पहिल्यांदा पाहिली ती १८२४च्या सुमारास. इटलीतले जोव्हानी बात्तिस्ता अमिची स्वतः बनवलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली एका साध्या रोपाचं फूल पाहत होते. ते रोप म्हणजे घोळ. पावसाळ्यात आपल्या वावरात तण म्हणून उगवणारी आणि आपण खुडून डाळीत शिजवतो तीच घोळीची भाजी. सपुष्प वनस्पतींच्या मीलनाचं पहिलं दार या भाजीने उघडलं, हे कळल्यापासून घोळीची जुडी हातात घेताना मी क्षणभर थांबतो.

शेवाळं आणि नेचे यांच्या शुक्रपेशींना शेपट्या असतात. त्या पाण्यातून पोहत अंडपेशीकडे जातात. गिंकोसारख्या पुराण्या वृक्षातही पोहणाऱ्या शुक्रपेशी असतात. जपानमध्ये हिरासे यांनी त्या १८९६ साली दाखवल्या. कपाशी, भात, ज्वारी, संत्रा यांच्या शुक्रपेशी मात्र पोहत नाहीत. त्यांना शेपूट नाही, स्वतःची चाल नाही. परागकणाच्या मोठ्या पेशीच्या पोटात दोन छोट्या शुक्रपेशी बसलेल्या असतात आणि नळी त्यांना नेईल तिकडे त्या जातात. नळीला वाट दाखवायचं काम अंडपेशीच्या शेजारच्या दोन सहायक पेशी करतात. त्या बारीक प्रथिनं बाहेर सोडतात आणि नळी त्यांच्या रोखाने वळते. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या हिगाशियामा यांच्या चमूने ही प्रथिनं २००९ साली ओळखली. नळी पोचली की एका सहायक पेशीत शिरून फुटते आणि दोन्ही शुक्रपेशी मोकळ्या होतात.

दोन कशाला? एक अंडपेशीशी मिळते, तिचा गर्भ होतो. दुसरी शेजारच्या मध्यपेशीशी मिळते, त्यातून भ्रूणपोष होतो, म्हणजे गर्भाची शिदोरी. गव्हाचं पीठ, ज्वारीची भाकर, शहाळ्याचं पाणी हे सगळं या दुसऱ्या मीलनाचं देणं. हे दुहेरी मीलन सेर्गेई नावाशिन यांनी १८९८ साली कीवमध्ये लिलीच्या कुळातल्या फुलांत पाहिलं. शेतकऱ्याला ते सूक्ष्मदर्शकाशिवायही दिसतं: पांढऱ्या मक्याशेजारी पिवळा मका असला की पांढऱ्याच्या कणसात त्याच हंगामात मधूनमधून पिवळे दाणे भरतात. शेजारच्या बापाची दुसरी शुक्रपेशी तिथे आपला रंग दाखवून जाते.

इथवरची गोष्ट शाळेच्या पुस्तकात भेटते. खरं नवल पुढे आहे.

ते समजायला तलाठ्याचं दप्तर आठवा. गावच्या सगळ्या जमिनींची नोंद त्यात असते, पण दप्तर आपल्या जागेवर राहतं. कामाला येतो तो सातबाराचा उतारा. पेशीतही असंच असतं. डीएनए हे दप्तर. प्रत्येक पेशीत ते संपूर्ण असतं, मुळात तेच, पानात तेच, पाकळीत तेच. पण मुळाची पेशी वेगळे उतारे काढते आणि पाकळीची वेगळे. हा उतारा म्हणजे आरएनए. उताऱ्यावरून प्रथिन तयार होतं आणि प्रथिन काम करतं. कोणत्या पेशीत, कोणत्या वेळी, कोणत्या जनुकाचा उतारा निघतो, यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. मूळ आणि पाकळी यांत जो फरक आहे तो दप्तराचा नाही, उताऱ्यांचा आहे.

मग शुक्रपेशीत काय चालतं? बराच काळ असं मानलं जाई, की तिथे काहीच चालत नसावं. एवढीशी पेशी, डीएनए घट्ट गुंडाळलेलं, सगळा प्रवास दुसऱ्याच्या पोटातून. म्हणजे दप्तर गाठोड्यात बांधून एका गावाहून दुसऱ्या गावी पोचवायचं, इतकंच तिचं काम. २००३ साली मक्याच्या शुक्रपेशी परागातून वेगळ्या काढून त्यांतले आरएनए वाचले गेले आणि हा समज ढासळला. गाठोड्यात तऱ्हेतऱ्हेचे उतारे निघाले. ही इवलीशी पेशी वाटेवरही कामात होती.

काही उतारे मीलनाच्या कामाचे असतात. शुक्रपेशीच्या पृष्ठभागावर हॅप-२ नावाचं प्रथिन असतं. शुक्रपेशी आणि अंडपेशी यांची पटलं एकजीव करायला ते लागतं; ते नसलं की शुक्रपेशी दाराशी येऊन तशीच राहते. हेच प्रथिन हिवतापाच्या परजीवीतही त्याच कामाला येतं. पऱ्हाटीचं झाड आणि डासातून पसरणारा तो जीव यांचे पूर्वज कल्पनेपलीकडच्या काळात वेगळे झाले; दोन पेशी एक करायची ही युक्ती मात्र दोघांनी जपली.

पण काही उतारे असे, की त्यांचं शुक्रपेशीत काहीच काम नाही. त्यांचं काम मीलनानंतरचं.

याचं पहिलं लख्ख उदाहरण २००९ साली पुढे आलं. मोहरीच्या कुळातलं अ‍ॅराबिडॉप्सिस नावाचं छोटं रोप प्रयोगशाळांत फार वापरलं जातं. त्यात 'शॉर्ट सस्पेन्सर' नावाचं एक जनुक आहे. मार्टिन बायर, वोल्फगांग लुकोवित्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की या जनुकाचा उतारा शुक्रपेशीत निघतो, पण तिथे त्यापासून प्रथिन बनत नाही. उतारा तसाच घडी करून ठेवलेला. शुक्रपेशी अंडपेशीत मिसळली, की तो उलगडतो, प्रथिन बनतं, थोडा वेळ टिकतं आणि नाहीसं होतं. तेवढ्या वेळात त्याने एक मोलाचा निरोप दिलेला असतो: नव्या पेशीने लांब व्हावं आणि तिच्या पहिल्या विभागणीतून एक लहान वरची आणि एक लांब खालची पेशी निघावी. वरच्या पेशीतून गर्भ आणि खालचीतून बहुतांशी गर्भाला पोषणाशी जोडणारा देठ. वर कुठलं आणि खाली कुठलं, ही झाडाच्या आयुष्यातली पहिली खूण पक्की करण्यात बापाने आणलेल्या कागदाचा हात असतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

दुसरी गोष्ट भाताची, आणि ती मामांच्या प्रश्नापर्यंत नेणारी आहे.

तिचा आरंभ आपल्याच देशात शोधता येतो. १९६४ साली दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीश माहेश्वरी धोत्र्याचे परागकोश काचेच्या नळीत वाढवत होते. रस्त्याच्या कडेला उगवणारं, महादेवाला वाहतात ते धोत्र्याचं कूळ. त्या परागकोशांतून चक्क गर्भ डोकावले. अंडपेशी नाही, मीलन नाही, नुसत्या परागातून रोप. जगभर त्या पद्धतीने काम सुरू झालं. पुढे मोहरीच्या जातीतल्या अशाच परागजन्य गर्भांचा अभ्यास करताना किम बुटिलिये आणि सहकाऱ्यांना एक जनुक सापडलं. ते पानासारख्या भागात चालू केलं तर तिथेही गर्भ फुटू लागत. २००२ साली त्यांनी ते जगासमोर मांडलं; नाव ठेवलं 'बेबी बूम'.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत वेंकटेशन सुंदरेशन आणि त्यांचे सहकारी भाताच्या अंडपेशी, शुक्रपेशी आणि मीलनानंतरची पहिली पेशी यांतले उतारे वाचत होते. काम भयंकर नाजूक. एकेक अंडपेशी फुलातून हाताने काढायची. त्यांना दिसलं, की भाताच्या 'बेबी बूम-१' जनुकाचा उतारा शुक्रपेशीत असतो, अंडपेशीत नसतो. परागीभवनानंतर अडीच तासांत, मीलन झालेल्या पेशीत तो हजर असतो. मग त्यांनी भाताच्या दोन वेगळ्या वाणांचा संकर केला. दोन्हींच्या जनुकांत अक्षरांचे बारीक फरक असतात, त्यावरून उतारा कुणाच्या दप्तरातला ते ओळखता येतं. सुरुवातीचा उतारा बापाच्या दप्तरातला निघाला. आईकडेही तेच जनुक असतं, पण तिचं पान तेव्हा मिटलेलं असतं. ते नंतर उघडतं.

इम्तियाज खांडे, सुंदरेशन आणि सहकाऱ्यांनी पुढचं पाऊल टाकलं. हे जनुक आणि त्याची दोन भावंडं अशी तिन्ही निकामी केली, तर गर्भ वाढता वाढता थांबले आणि मेले. बापाकडून एक धडधाकट 'बेबी बूम-१' आलं, तर गर्भ वाचले. मग त्यांनी उलटा प्रयोग केला. ज्या जनुकाचं पान अंडपेशीत मिटलेलं असतं, ते तिथेच उघडायला लावलं. आणि काही अंडपेशी मीलनाशिवाय, बापाची वाट न पाहता गर्भ होऊ लागल्या. हा निबंध डिसेंबर २०१८मध्ये 'नेचर'मध्ये आला.

याचा अर्थ नीट मनात उतरू द्यावा. अंडपेशीजवळ सगळी तयारी असते: अन्न, यंत्रणा, पुरतं दप्तर. तरी ती थांबते. कारण 'आता सुरू कर' हा उतारा तिच्याकडे निघत नाही. तो बापाकडून यायचा असतो. ही थांबण्याची सोय नसती, तर दोन कुळांचं मिश्रणच झालं नसतं. मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ पऱ्हाटीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे घर मायचं, पन हाक बापाची."

पण निसर्गात या हाकेवाचून चालणारी झाडंही आहेत, आणि त्यांतलं एक आपल्याच जिल्ह्याचं वैभव आहे. नांदगावाहून उत्तरेला मोर्शी-वरुडकडे गेलं, की संत्र्याच्या बागा लागतात. संत्र्याची एक बी पेरा. कित्येकदा एकीतून दोन-तीन रोपं येतात. त्यांतलं एखादं मीलनातून आलेलं, बाकीची बीजांडातल्या आईच्या पेशींतून उभी राहिलेली, म्हणजे हुबेहूब आई. एका बीतले हे अनेक गर्भ लेवेनहुक यांनी १७१९ साली पाहिले होते. २०१७ साली चिनी संशोधकांनी या स्वभावाशी जोडलेलं जनुक दाखवलं. त्याच्या शेजारी डीएनएचा एक छोटा तुकडा येऊन बसला आहे आणि जिथे तो असतो तिथे बीत अनेक गर्भ असतात. वरुड तालुक्यातल्या शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांचा धंदा याच स्वभावावर उभा आहे. जंभेरीच्या बिया पेरायच्या, वेगळी दिसणारी रोपं उपटून टाकायची, आणि उरलेल्या एकसारख्या खुंटांवर संत्र्याचा डोळा बांधायचा. ती उपटून टाकलेली रोपं बहुधा मीलनातून आलेली असतात. आपल्या माळ्यांनी जनुकाचं नाव न ऐकता, नुसत्या नजरेने, आईची नक्कल कोणती आणि बापाचं मिश्रण कोणतं हे वेगळं करायची रीत बसवली.

आता मामांचा प्रश्न. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रातून सी. टी. पटेल यांनी एच-४ हे कपाशीचं संकरित वाण दिलं. व्यापारी लागवडीसाठीचं ते जगातलं पहिलं संकरित कपाशी वाण. संध्याकाळी कळी उघडून पुंकेसर काढायचे, सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा. एकेक फूल हाताने. दोन वेगळ्या आईबापांची पहिली पिढी जोमदार निघते. पण त्या पिढीची सरकी पेरली तर जनुकांचे पत्ते पुन्हा पिसले जातात. एक झाड उंच, एक खुरटं, एकाला बोंडं भरपूर, एकाला चार. म्हणून दरसाल नवं बी. घरच्या सरकीची सद्दी संपली ती इथे.

हा जोम बियाण्यात जसाच्या तसा धरून ठेवायचा, तर दोन गोष्टी हव्यात. एक, अंडपेशी तयार होताना जनुकांची वाटणी आणि पिसणं व्हायला नको. आईचा संच पुरता तिच्यात यावा. दोन, त्या अंडपेशीने बापाच्या उताऱ्याची वाट न पाहता गर्भ करावा. पहिली गोष्ट तीन जनुकं बंद करून भातात साधलेली होती. दुसरीची किल्ली 'बेबी बूम-१' होती. २०१८च्या त्याच निबंधात दोन्ही एकत्र आल्या आणि भाताच्या रोपांनी बियांतून आपल्याच हुबेहूब नकला दिल्या. सुरुवातीला हे थोड्याच बियांत घडे. २०२२ साली फ्रान्समधल्या आणि डेव्हिसच्या संशोधकांनी मिळून एका संकरित भातात हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर नेलं. २०२४ साली शेतीसाठीचा वुल्फ पुरस्कार ज्या तिघांना मिळाला, त्यांत सुंदरेशन होते.

यातही बाप पुरता सुटत नाही. शिदोरी बनवायला या भातालाही पराग लागतोच. दुसरी शुक्रपेशी आपलं काम करते, दाणा भरतो, आणि त्या दाण्यात आईची नक्कल झोपते.

हे सगळं भातातलं. भातात २४ गुणसूत्रं. आपल्या अमेरिकन कपाशीत ५२, दोन पुराण्या जातींची दप्तरं एकत्र बांधलेली, बहुतेक जनुकांच्या जोड्या. तिथे हेच साधणं अधिक कष्टाचं. शिवाय एका झाडाच्या नकलांनी भरलेलं शिवार रोगापुढे एकदम आडवं होऊ शकतं, आणि अशा बियाण्यावर हक्क कुणाचा, याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. मला मनापासून वाटतं, की हे ज्ञान ज्यांच्या वावरात फुलतं त्यांच्याच ओट्यावर पोचलं पाहिजे. घरचं बी ठेवता येणं ही शेतकऱ्याची जुनी ताकद होती. ती परत येण्याची एक वाट शुक्रपेशीतल्या एका उताऱ्यातून जाते, हे त्याला माहीत असायला हवं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच झाडाशी गेलो. आदल्या दिवशीचं दुधाळ फूल गुलाबी झालं होतं. मामांनी पाकळ्या अलगद बाजूला केल्या. आत हिरवं बोंड, बोरापेक्षा लहान. चार-पाच कप्पे, प्रत्येकात सहा ते नऊ बीजांडं. ज्या बीजांडापर्यंत नळी पोचली नसेल ते सुकून जाईल. ज्यात पोचली, तिथे त्या वेळी बापाकडून आलेले कागद उलगडत होते आणि भोवती आई आपला पहिला धागा काढू लागली होती.

मामांनी पाकळ्या पुन्हा जुळवून ठेवल्या, जणू आत कुणी निजलं आहे.